शुद्ध बोलायचं म्हणून गप्प झालेलं घर

तुमच्या ओळखीत चार-पाच वर्षांचं न बोलणारं मूल असेल, तर त्याच्या आईनं आधी कुणाकडे जावं, हे तुम्हाला सांगता येईल का? मुंबई-पुण्याचं नाव घ्यायचं नाही. तुमच्या तालुक्यातलं, फार तर जिल्ह्यातलं एक दार सांगा.

मला सांगता आलं नव्हतं. आणि मी तर पत्रकं वाटणाऱ्या घरातली. आमच्याकडे सांगलीला पाहुणा आला की त्याच्या हातात आधी पत्रक पडायचं, मग पाण्याचा तांब्या. ‘शाळेला मूल नाकारता येत नाही’ हे माझं पत्रक व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत खानदेशात गेलं आणि त्याखालच्या नंबरवर एक दिवस फोन आला.

“नमस्कार ताई. मी मनीषा बोलत आहे. धरणगाव तालुक्यातून बोलत आहे.”

बोलणं इतकं नीटस होतं, जणू कुणी धडा वाचतंय. तिचा मुलगा लोकेश पहिलीत होता. बोलत नव्हता. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका तज्ज्ञ बाईंनी ‘ऑटिझम’ म्हणून सांगितलं होतं, मराठीत स्वमग्नता. आता शाळेचे गुरुजी म्हणत होते, पुढच्या वर्षी याची दुसरीकडे सोय बघा.

“शाळा त्याला काढू शकत नाही,” मी ठणकावून सांगितलं.

“ते पत्रकात वाचले ताई. पण राहून तो तिथे करेल काय? पुढे काय करायचे असते, ते कुठे लिहिलेले असते?”

ते मी लिहिलेलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. ‘माहिती पाठवते’ म्हणून फोन ठेवला आणि दोन रात्री नीट झोपले नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली.

जळगाव

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्या भाऊंना म्हटलं, स्वमग्न मुलांसाठी काही काम चालत असेल तिथे न्या. त्यांनी रिक्षा बंद करून माझ्याकडे वळून पाहिलं. “सोनं घ्यायचं असेल ताई, तर डोळे मिटून नेतो. हे काय सांगितलं तुम्ही?”

मी समजावून सांगितलं. त्यांनी चौकातल्या आणखी दोघांना विचारलं. एकानं मूकबधिर शाळा सुचवली, दुसऱ्यानं वेड्यांचा डॉक्टर. तिसरा न विचारता म्हणाला, “आमचा भाचा पण पाच वर्षांचा होईस्तोवर बोलला नाही. आता गप्प बसत नाही. घरी जा आणि वाट पाहा.”

वाट पाहा! हे वाक्य मला त्या दिवशी पुन्हा पुन्हा ऐकू आलं. एका दवाखान्यात ते अगदी गोड आवाजात सांगितलं गेलं. पुस्तकांच्या दुकानात मी ऑटिझमवरचं मराठी पुस्तक मागितलं, तर मालकांनी बराच वेळ शोधून ‘मुलांची स्मरणशक्ती वाढवा’ असं काहीतरी पुढ्यात ठेवलं. दोष त्यांचा नव्हता. असलं काही मागायला त्यांच्याकडे कुणी येतच नसेल. आणि कुणी येत नाही म्हणून ते ठेवत नाहीत, ते ठेवत नाहीत म्हणून कुणी येत नाही. शहरात सोन्याची दुकानं ओळीनं उभी आहेत, डाळ इथून देशभर जाते, ठिबकच्या नळ्या कुठकुठल्या शेतांत पोचतात. एक ओळ माहिती तेवढी तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या गावात पोचत नाही.

संध्याकाळी संतापानं भूक लागली. खानावळीत वांग्याचं भरीत होतं. आमच्याकडे वांगं गॅसवर भाजतात. इथे कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर हिरवी, लांबुडकी वांगी भाजतात, मग बडगी नावाच्या लाकडी भांड्यात कुटतात. मिरच्याही त्यातच. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारे काका म्हणाले, “सांगलीच्या का तुम्ही? मग तिखटाला घाबरू नका, नाव बदनाम होईल.” मी दुसरी भाकरी घेतली ती निव्वळ जिल्ह्याच्या अब्रूसाठी.

जेवता जेवता काकांनाही तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, “देवपूरला, म्हणजे धुळ्याला, एक बाई आहेत. वाचा शिकवतात. आमच्या मालकांची नात जाते.” आणि मालकांकडून नंबर आणून दिला. दिवसभर पाटी असलेली दारं ठोठावली आणि उत्तर मिळालं ते खानावळीत, कुणाची तरी नात म्हणून. ज्याच्या ओळखीत कुणाची नात नसेल, त्यानं काय करायचं?

मनीषाचं गाव

धरणगावच्या अलीकडे एसटी सोडली आणि पुढे रिक्षा. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि वेचणीला आलेली कपाशी. बायका ओटीत कापूस भरत चाललेल्या.

मनीषाच्या घरात शिरल्यावर पहिल्यांदा दिसला तोही कापूसच. भाव बरा येईपर्यंत इथे कापूस घरातच ठेवतात. पुढची अख्खी खोली आढ्यापर्यंत पांढरी. मनीषाचा नवरा जळगावला पाइपच्या कारखान्यात पाळीवर गेलेला. घरात ती, तिचे सासरे आबा आणि लोकेश.

लोकेश कुठे दिसेना. मनीषानं कापसाच्या ढिगाकडे बोट केलं. ढिगात एक खळगा होता आणि त्यात सहा वर्षांचा पोरगा मानेपर्यंत बुडून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होता.

“बाहेर गिरणी सुरू झाली, कुणी भांडलं, की तो इथे येतो,” मनीषा म्हणाली. “कापसात आवाज पोचत नाही ना.”

मला फार कौतुक वाटलं आणि मी त्याच्याशेजारी जाऊन कापसात बसले. ही माझी चूक. साठवलेल्या कापसाची खाज काय असते हे सांगलीच्या माणसाला कुठून कळणार? थोड्या वेळात मी मान, पाठ, पोटऱ्या सगळं एकदम खाजवत अंगणात नाचत होते. आबा तोंडाला उपरणं लावून हसले. “पोरी, तो कापूस शे, गादी नही!” लोकेशला काही होत नव्हतं. त्याला तिथे बरं वाटत होतं, एवढंच.

जेवणाला फुनके आणि कढी. भिजवलेली तुरीची डाळ जाडसर वाटून, मुटके करून वाफवायचे आणि कढीत कुस्करून खायचे. मनीषा आबांशी बोलत होती, शेजारणीशी बोलत होती, तेव्हा तिची अहिराणी झऱ्यासारखी होती. हसत होती, टोमणे मारत होती. आणि मग लोकेशकडे वळून म्हणाली, “लोकेश, हे पाणी आहे. तुला पाणी प्यायचे आहे का?”

फोनवरचाच आवाज. धडा वाचल्यासारखा. एक वाक्य झालं आणि ती थांबली. पुढे काही बोलावं असं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि परतलं.

आबांनी नातवापुढे केळं सोलून धरलं. तोंडानं काहीच म्हणाले नाहीत. जेवण संपेपर्यंत त्या माणसानं नातवाशी एक शब्द काढला नाही. मला राग आला. म्हटलं, हा कसला आजोबा? पोरगा बोलत नाही म्हणून वाळीत टाकला की काय? आणि मी विचारलंच.

“आबा, तुम्ही लोकेशशी बोलत का नाही?”

आबांनी हात धुतले, उपरण्याला पुसले. “माले शुद्ध येत नही, पोरी. मंग मी त्यानासंगे बोलतच नही.”

मला काही कळलं नाही. मग मनीषानं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी ऑटिझम म्हणून सांगितलं, त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली होती. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, टीव्हीवर तिसरी, म्हणून मुलगा गोंधळतो. अहिराणी बंद करा. त्याच्याशी फक्त शुद्ध मराठीत बोला.

“आम्ही पाळलं ताई. मी दहावी झाले आहे, मला येतं थोडं. आबांना येत नाही. त्यांनी बंदच केलं.”

“त्या बाईनी सांगं, आपली बोली त्याले इख शे,” आबा म्हणाले. विष आहे म्हणाले ते. अगदी शांतपणे. एखाद्याला डॉक्टरनं मीठ बंद केलं म्हणून सांगावं तसं.

आता माझं ऐका. माझ्या तोंडून निघालं, “बरोबरच आहे. मुलाला एकच भाषा असली की सोपं जातं.” मला ते शास्त्रीय वाटलं. मी ज्या पत्रकांवर वाढले, त्यांत शिक्षण म्हणजे प्रमाण मराठी आणि प्रमाण मराठी म्हणजे पुढे जाणं. मी मनीषाला शाबासकी देऊन झोपले. अंग रात्रभर खाजत होतं.

धुळ्याच्या गाडीत

देवपूरच्या बाईंनी, सोनवणे मॅडमनी, फोनवर लगेच या म्हणून सांगितलं. मनीषा, लोकेश आणि मी निघालो. एरंडोल, पारोळा करत गाडी जाते. पारोळ्यापर्यंत लोकेश खिडकीच्या दांड्याला गाल लावून बसला होता, दांडा थरथरतो ते त्याला आवडत होतं. तिथे गाडी भरली, मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला तो थांबेचना, आणि लोकेशनं कान दाबून किंचाळायला सुरुवात केली. सीटखाली शिरायला लागला. समोरच्या बाईच्या पिशवीला लाथ बसली, मेथीच्या जुड्या खाली.

“काय वं माय, पोऱ्याले काही वयन शे का नही?” ती बाई करवादली. मागून कुणीतरी म्हणालं, “दोन द्या ठेवून, गप्प होईल.”

मी उठले. वळण, संस्कार, अज्ञान, कायदा, जे जे येत होतं ते सगळं त्या गाडीला ऐकवलं. कंडक्टर घंटीची दोरी धरून बघत राहिला. मी कुणाकुणाला उत्तर देत होते आणि लोकेश आणखी जोरात किंचाळत होता.

मनीषानं माझा हात ओढला. “ताई, तुम्ही पण गप्प बसा ना! त्याला तुमचाच आवाज होतोय.”

मी बसले. मनीषानं पदर त्याच्या डोक्यावरून घेतला आणि त्याला छातीशी घट्ट दाबून धरलं. तिचे ओठ हलायला लागले आणि तिनं ते दातांत धरले. मला ते दिसलं. काहीतरी म्हणायचं होतं तिला आणि ती ते गिळत होती. मेथीवालीलाही दिसलं असावं. तिनं जुड्या गोळा केल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन लोकेशला जागा करून दिली.

देवपूर

पांझरेचा पूल ओलांडला की देवपूर. शाळा, कॉलेजं, क्लासच्या पाट्या. सोनवणे मॅडम घराच्या पुढच्या खोलीतच काम करतात. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. जमिनीवर बसल्या, लोकेशपासून लांब, त्याच्याकडे पाठ करून. एका डब्यात राजमा होता. तो हळूहळू एका ताटात ओतायच्या, परत डब्यात भरायच्या. बऱ्याच वेळानं लोकेश येऊन ताटापाशी बसला. त्यानं मूठ भरली. मॅडमनी मूठ भरली. हे एवढंच चाललं होतं आणि माझा जीव उतावीळ झालेला. मला वाटत होतं, काहीतरी सांगा, कागद द्या, उपाय द्या.

“घरी याच्याशी काय बोलता?” मॅडमनी मनीषाला विचारलं.

“शुद्ध बोलते.”

“झोपवताना?”

“तेव्हा काही नाही बोलत.”

“आणि राग आला की?”

मनीषा खाली बघायला लागली. “राग आला की अहिराणी येते. मग मी तोंड दाबून धरते.”

मॅडमचा हात राजम्यात तसाच राहिला. “किती दिवस?”

“दोन वर्षं.”

मी मध्ये तोंड घातलं. तज्ज्ञांनीच तसं सांगितलं होतं वगैरे. मॅडम माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही, पण चिडलेल्या होत्या. “भाषेमुळे कुणी स्वमग्न होत नाही आणि भाषा बंद करून कुणाची स्वमग्नता जात नाही. असली मुलं दोन भाषांतही वाढतात. ज्या भाषेत आईला हसता येतं, चिडता येतं, लाड करता येतात, तीच त्याला द्यायची. हिनं काय दिलं त्याला? दिवसाला दहा वाक्यं, तीही भीत भीत. आजोबांनी तेवढीही नाही.”

मनीषा रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. म्हणाली, “मंग मी आते बोलू?” आणि लगेच दचकून, “म्हणजे, मी आता बोलू शकते का?”

“पहिलं म्हणालात तेच बरोबर होतं,” मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी पुष्कळ सांगितलं. छोटी वाक्यं बोलायची आणि मग थांबायचं, त्याला वेळ द्यायचा. तो हात धरून माठाकडे नेतो, तेही बोलणंच आहे, त्याला उत्तर द्यायचं. पाणी, जेवण, शी, घर यांची चित्रं भिंतीवर लावायची, म्हणजे बोट ठेवून सांगता येईल. शाळेत घंटा होण्याआधी कुणीतरी त्याला खुणेनं सांगायचं. आणि एक शांत कोपरा हवा, शिक्षा म्हणून नाही, त्याला स्वतःहून जाता येईल असा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जायचं. तालुक्याला विशेष शिक्षक असतात, गुरुजींनी त्यांना बोलवायचं.

“तो बोलेल ना?” मनीषानं शेवटी विचारलं.

“ते मी सांगणार नाही. कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. पण तुमचं त्याला कळायला हवं आणि त्याचं तुम्हाला. तिथून सुरू करू.”

परतीच्या गाडीत मनीषा बोलत होती. सलग, न थांबता, लोकेशच्या कानाशी. कपाशी दिसली की कपाशी, बैल दिसला की बैल, आणि मध्ये माझ्याबद्दलही काहीतरी, कारण ती हसली. मला निम्मंच कळलं. ते माझ्यासाठी नव्हतंच.

शाळेत

गुरुजी वाईट माणूस नाहीत. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत सांभाळतात, म्हणून थकलेले आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, घरी मीही अहिराणीच बोलतो हो. पण वर्गात बोललो आणि तपासणीला साहेब आले तर?”

मी कायद्याचं कलम काढायच्या बेतात होते. मनीषानं मला कोपर मारलं.

“साहेब कोठला शे, गुरुजी?”

“पारोळ्याकडचे.”

“मंग तो बी घर अहिराणीच बोलत व्हई ना!”

गुरुजी हसले. पोरं हसली. गुरुजींना घरच्या भाषेतल्या बोलण्यावर वर्गात हसताना त्या पोरांनी बहुधा पहिल्यांदा पाहिलं असावं. “उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघतो,” ते म्हणाले. “जमलं तर पुढच्या वर्षीही इथेच. पण तो शांत कोपरा कुठून आणू? खोली ही एवढी.”

कोपरा आबांनी आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली जुनी गादी उसवून, उन्हात पिंजून, त्यांनी दोन मोठे लोड भरून घेतले आणि डोक्यावरून शाळेत नेले. कपाटामागच्या फटीत ते बसवले. लोकेश मधल्या खळग्यात मावतो. तो त्यात गेला, एकदा बाहेर आला, पुन्हा गेला. दुसरीतली एक मुलगी मला म्हणाली, “आम्हाला पण असं पाहिजे.”

निघायच्या दिवशी मी माझी पिशवी आणायला घरात गेले. आबा कापसाच्या ढिगाशी उकिडवे बसले होते. लोकेश त्याच्या खळग्यात. आबांनी दोनदा घसा साफ केला. तिसऱ्यांदा शब्द आले.

“लोक्या. आठे ये ना भो.” थांबले. “कितला दिन व्हई ग्यात, मी तुनासंगे बोलनू नही.”

लोकेशनं पाहिलं नाही. गुणगुणणं तेवढं थांबलं. आबा बोलत राहिले, शेतातल्या विहिरीचं, ढवळ्या बैलाचं, काय काय. थोड्या वेळानं कापसातून एक हात बाहेर आला आणि आबांच्या ओठांवर येऊन टेकला. मिशीवर, हलणाऱ्या तोंडावर. आबांनी बोलणं थांबवलं तर त्या हातानं ओठ हलवून पाहिले. मग आबा पुन्हा बोलायला लागले.

मी पिशवी उचलून हळूच बाहेर आले.

घरी आल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. अशी किती घरं असतील? अहिराणी बंद केलेली, तावडी बंद केलेली, गोंडी, कोरकू, भिली बंद केलेली, डोंगरात, वाड्या-पाड्यांवर, जिथे कुणाची तरी नात नसते? नवं पत्रक मी लिहिते आहे. पण पत्रक माझ्या भाषेत असणार आणि ती माणसं तुमच्या भाषेत जगतात. म्हणून एक काम तुम्हाला करावं लागेल.

हे वाचून झालं की बाजूला ठेवू नका. तुमच्या गावातली अंगणवाडीताई, पहिलीचे गुरुजी, किंवा असं मूल असलेलं एक घर, यांपैकी एकाकडे या आठवड्यात स्वतः जा. सोनवणे मॅडमनी जे सांगितलं ते तुमच्या बोलीत, तोंडी सांगा. तुमच्या जिल्ह्यात वाचा शिकवणारं माणूस कोण आहे ते आधी शोधून ठेवा आणि नाव सांगूनच परत या. आणि त्या घरात आजी-आजोबा असतील, तर निघण्याआधी त्यांना एवढं विचारा, की तुम्ही नातवाशी बोलता का. नाही म्हणाले, तर तिथेच बसा. त्यांनी पहिला शब्द बोलेपर्यंत उठू नका.